सक्तीचा कायदा आणि जामखेडच्या बायका

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत अहमदनगर दक्षिणचे सदस्य पी. जे. रोहम यांनी एक ठराव मांडला. रोहम हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे. सत्तेवर होते बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ. ठरावात सरकारकडे दोन मागण्या होत्या. संततिनियमनाचा जनतेत जोरदार प्रचार करावा, आणि ज्यांना ते करायचे आहे त्यांना पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. ठरावामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते आणि त्यांच्या अनुपस्थितीत रोहमांनी ते सभागृहापुढे ठेवले. वरचेवर येणाऱ्या बाळंतपणांनी खंगणारी आई, खाणारी तोंडे वाढल्याने कर्जात रुतणारे कुटुंब, जन्मून वर्षाच्या आत जाणारी मुले, असा सगळा हिशेब त्यात मांडला होता. ठराव फेटाळला गेला.

त्या ठरावात जे नव्हते, तेही पाहण्यासारखे आहे. किती मुले हवीत हे सरकारने ठरवावे, अशी मागणी त्यात कुठेही नाही. ज्ञान द्या, साधने द्या, एवढेच मागणे होते. कुटुंबाचा निर्णय कुटुंबाने करायचा, आणि तो पाळता यावा म्हणून लागणारा खर्च सरकारने सोसायचा, अशी ती सरळ वाटणी होती. पुढे अडतीस वर्षांनी त्याच मुंबईत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ही वाटणी पूर्ण उलटी केली. आणि त्याच काळात रोहमांच्या जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेड तालुक्यात, काही निरक्षर बायका ती वाटणी प्रत्यक्षात उतरवत होत्या. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या की माणसाच्या देहावर सरकारचा अधिकार कुठपर्यंत चालावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत सापडते.

मागणाऱ्यांना नाकारणारे सरकार

महाराष्ट्रात संततिनियमनाची चळवळ सरकारने सुरू केली नाही. ती सरकारी रोष पत्करून उभी राहिली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत आपले केंद्र उघडले. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवू लागले. लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहणारे वकील होते डॉ. आंबेडकर. चार वर्षांनी विधानसभेत आलेला ठराव याच विचाराचा पुढचा टप्पा होता.

म्हणजे त्या काळचे सरकार माहिती देणाऱ्याला शिक्षा करत होते आणि सोय मागणाऱ्याला नकार देत होते. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला. पण साठीच्या उत्तरार्धात कार्यक्रमाला लक्ष्याचे आकडे चिकटले. राज्याला आकडा, जिल्ह्याला आकडा, तालुक्याला आकडा. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे थाटली गेली. ऑपरेशन करून घेणाऱ्याला रोख रक्कम आणि त्याला घेऊन येणाऱ्यालाही काही रक्कम मिळू लागली. तलाठी, ग्रामसेवक, शाळामास्तर यांच्या तोंडी एक शब्द रुळला, ‘केस’. या महिन्यात किती केसेस झाल्या, हे वरिष्ठ विचारू लागले. ऑपरेशनच्या टेबलावर झोपणारा माणूस कागदावर केस झाला, तेव्हाच पुढच्या अनर्थाची सुरुवात झाली होती.

तरीही कायद्याच्या पुस्तकात संमतीला अजून जागा होती. १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नवऱ्याची संमती कायद्याने आवश्यक धरलेली नाही. स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय तिचाच, हे मान्य करणारे ते पाऊल होते. त्यानंतर पाचच वर्षांत एका राज्याने नेमकी विरुद्ध दिशा धरली.

जनावरांच्या दवाखान्यातून सुरुवात

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले. साठच्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले होते. तिथे त्यांना एक गोष्ट बोचत राहिली. आज बरे करून घरी पाठवलेले मूल काही आठवड्यांनी त्याच हगवणीने आजारी होऊन परत येत होते. दवाखान्याच्या भिंतीबाहेरचे जग बदलल्याशिवाय हा फेरा थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले. मग अमेरिकेत जाऊन, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि मुद्दाम जामखेड निवडले.

जामखेड हा त्या काळी जिल्ह्यातला अगदी टोकाचा, कोरडवाहू तालुका. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा उस्मानाबाद, खाली सोलापूर. १७९५ ची लढाई झालेले खर्डा याच तालुक्यातले आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडीही इथलेच. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आरोळ्यांनी काम सुरू केले. सुरुवातीला सुमारे ३० गावे आणि ४० हजार लोकसंख्या त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली.

पुढची दोन-तीन वर्षे दुष्काळाची होती. १९७२ चा दुष्काळ नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. खडी फोडायची कामे, सुकडीच्या रांगा, आटलेल्या विहिरी. अशा वेळी लोकांना डॉक्टरांकडून पहिल्यांदा पाणी हवे होते. आरोळ्यांनी कूपनलिका घेण्याच्या कामाला हात घातला आणि त्या दलित वस्तीच्या बाजूला घेतल्या जाव्यात यासाठी आग्रह धरला. पाण्यासाठी गावाला त्या वस्तीत जावे लागले. गावच्या तरुणांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे सामने भरवले. त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली, पुढे महिला मंडळे. आरोग्याची गोष्ट या सगळ्यानंतर, ओळख झाल्यावर निघाली.

पहिल्यांदा त्यांनी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका ठेवून पाहिल्या. तो प्रयोग फसला. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलीला गाव आपले मानत नव्हते आणि तिलाही तिथे सुरक्षित वाटत नव्हते. मग निर्णय झाला की गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची. निवडून आलेल्यांत अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या, काही विधवा, काही टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र जेवायचे, राहायचे, आणि शिकलेले गावात जाऊन वापरायचे. या ग्राम आरोग्य सेविका मुलांची वजने घेत, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवत, गरोदर बाईला तपासत, बाळंतपण स्वच्छ हातांनी करत, क्षय आणि कुष्ठाचे रुग्ण शोधून उपचारावर आणत.

कुटुंब नियोजन हे या कामाच्या यादीतले एक काम होते, सगळे काम नव्हते. जामखेडच्या यशाचे मर्म मला इथे दिसते. पाचातली दोन मुले मातीआड गेलेल्या आईला ‘आता पुरे’ असे सांगून चालत नाही. जी आहेत ती जगतील अशी खात्री तिला आधी वाटायला हवी. ती खात्री सरकारी भित्तिपत्रक देऊ शकत नाही. शेजारच्या गल्लीतली, आपल्या लेकराला हगवणीतून वाचवलेली, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावून आलेली बाई देऊ शकते. तिने गोळ्या दाखवल्या, ऑपरेशन म्हणजे काय ते सांगितले, सासूशी बोलली, नवऱ्याशी बोलली, ऑपरेशननंतर टाके पाहायला घरी आली, तर निर्णय घ्यायला धीर येतो. आणि नको म्हटले तरी ती उद्या लेकराचे वजन घ्यायला येणारच, हेही आईला ठाऊक असते. नकार दिल्याने काही गमावणार नाही, ही जाणीव असेल तरच होकाराला अर्थ असतो.

खर्चाचे गणितही तिथे बदलले. जामखेडला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी, अनेकदा दोघांची. साधा ताप, जुलाब, खरूज, जखम गावातच बरी होऊ लागली तर हा खर्च वाचतो आणि सावकाराकडची फेरी टळते. आजारपणात गरीब घर कशाने बुडते, तर औषधाच्या किमतीइतकेच वेळेवर न मिळालेल्या साध्या उपचाराने.

१९७६: विधिमंडळाचा निर्णय

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागली. संजय गांधींच्या कार्यक्रमात कुटुंब नियोजनाला वरचे स्थान मिळाले. राज्याराज्यांत चढाओढ लागली. महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते.

जामखेडहून खर्ड्यावरून रस्ता बार्शीकडे जातो. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली मोठी बाजारपेठ. जानेवारी १९७६ मध्ये तिथे नसबंदीची मोहीम झाली. दहा दिवसांत सुमारे एक हजार ऑपरेशने करायची होती. आणीबाणीवरच्या अभ्यासांत या मोहिमेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पहिले दोन दिवस फारसे कोणी फिरकले नाही. मग गाड्या फिरवून, कामाधंद्यासाठी गावात आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून उचलून नेले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, असे त्या काळच्या वृत्तान्तांत नोंदलेले आहे. बाजारासाठी घरातून निघालेला माणूस टाके घेऊन घरी परतला.

बार्शीत जे घडले ते कायद्याला सोडून होते. त्याच वर्षी मार्चअखेर महाराष्ट्र सरकारने सक्तीलाच कायद्याचे रूप देणारे विधेयक आणले. त्याचा रोख कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालण्याचा होता. तीन हयात मुले असलेल्या जोडप्यातल्या एकाने ठरावीक मुदतीत नसबंदी करून घेणे बंधनकारक. पुरुषाचे वय ५५ च्या आत, स्त्रीचे ४५ च्या आत असेल तर हे लागू. तिन्ही मुलगे किंवा तिन्ही मुलीच असतील तर आणखी एका मुलापुरती सवलत. कायदा मोडला तर तुरुंगवास, तोही दोन वर्षांपर्यंत. पावसाळ्यात विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंजूर करणारे महाराष्ट्र हे देशातले एकमेव राज्य ठरले.

त्या वर्षीच्या तारखा एका ओळीत लावल्या तर नागरिकाला किती बाजूंनी कोंडले होते ते समजते. ३० मार्चला विधेयक मांडले गेले. १६ एप्रिलला केंद्रीय मंत्री करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. केंद्राने स्वतः सक्तीचा कायदा करायचे टाळले, मात्र राज्यांना तशी मोकळीक ठेवली. राज्यांना योजनेसाठी मिळणाऱ्या केंद्रीय मदतीतला आठ टक्के हिस्सा कुटुंब नियोजनाच्या कामगिरीशी जोडला. दोन मुलांनंतर नसबंदी करणाऱ्याला १५० रुपये, तीननंतर १००, चार किंवा अधिक मुले असल्यास ७० असे दर ठरले. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बंदी प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात असा निकाल दिला की आणीबाणीत जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. महिनाभराच्या आत विधिमंडळ, मंत्रालय आणि न्यायालय अशा तिन्ही दिशांनी माणसाच्या देहाचे संरक्षण काढून घेतले गेले.

दीडशे रुपयांचा विचारही करायला हवा. नुकत्याच दुष्काळातून उठलेल्या मजुरासाठी ती कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम होती. पोटात अन्न नसलेल्या माणसासमोर पैसे ठेवून घेतलेली सही आणि विचार करून दिलेली संमती यांत अंतर आहे. उपचाराचा खर्च सरकारने उचलणे हे त्याचे कर्तव्य आहे. निर्णय विकत घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यापुढची पायरी दंडाची होती. अनेक राज्यांत शिक्षकांचे पगार अडवले गेले, परवाने, कर्जे, बदल्या, बढत्या नसबंदीच्या दाखल्याला बांधल्या गेल्या. दाखला नाही तर घरातली चूल अडणार, अशी व्यवस्था झाली.

आकडे भराभर चढले. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राने आपले सुमारे साडेपाच लाखांचे लक्ष्य ओलांडून आठ लाखांचा टप्पा पार केला. नंतर नेमलेल्या शहा आयोगाने देशभरातून माहिती गोळा केली. नसबंदीशी जोडलेले १,७७४ मृत्यू आणि अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी आयोगापुढे आल्या.

महाराष्ट्राच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये आणीबाणी उठली आणि विधेयक कागदावरच राहिले. त्या कायद्याखाली कोणी तुरुंगात गेले नाही. म्हणून तो विसरायचा का? निवडून दिलेल्या आमदारांनी, दोन्ही सभागृहांत, नागरिकाच्या देहावर सुरी चालवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो अमलात आला नाही तो राजकारणाने वेगळे वळण घेतल्यामुळे. त्या वेळी त्याला रोखणारी मजबूत भिंत आपल्याकडे उभी नव्हती.

सक्ती उठल्यावर काय उरले

सक्तीचे समर्थक नेहमी एकच प्रश्न विचारतात. हेतू चांगला होता ना? लोकसंख्या आवरायला हवी होती ना? या प्रश्नाला नीतीने उत्तर देता येते, पण आकड्यांनीही देता येते.

सक्ती उठली त्या पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, देशातल्या नसबंद्या साडेनऊ लाखांच्या आसपास घसरल्या. आठवा हिस्साही उरला नाही. लोकांनी आरोग्य खात्याच्या गाडीकडेच पाठ फिरवली. लस टोचायला आलेल्या परिचारिकेला पाहून बायका-माणसे दारे लावू लागली. नव्या सरकारला कार्यक्रमाचे नाव बदलून ‘परिवार कल्याण’ करावे लागले.

जामखेडच्या प्रकल्पाच्या नोंदी वेगळी कहाणी सांगतात. १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. कुटुंब नियोजन करणारी जोडपी १९७१ मध्ये शंभरात एकही नव्हती, ती १९७६ मध्ये ३८ टक्के झाली. कोणी म्हणेल, १९७६ हे तर आणीबाणीचेच वर्ष, दडपण तिथेही असणार. शंका योग्य आहे. तिचे उत्तर दहा वर्षांनंतरच्या आकड्यात आहे. सक्ती संपून बराच काळ लोटल्यावर, १९८६ मध्ये, ते प्रमाण ६० टक्क्यांवर पोचले होते. भीतीने मिळवलेला आकडा भीतीबरोबर ओसरला. विश्वासाने मिळवलेला वाढत गेला. आधी लेकरे जगली, मग आयांनी निर्णय घेतले. हा क्रम उलटवता येत नाही.

जगाने याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडची गणना होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांतराव २०११ मध्ये. गावानेच निवडलेल्या आरोग्य सेविकेची कल्पना १९७७ च्या केंद्रीय योजनेत आणि २००५ नंतर ‘आशा’च्या रूपाने देशभर गेली.

आणीबाणीचे एक ओझे मात्र अजून उतरलेले नाही. १९७६-७७ मध्ये बहुतेक शस्त्रक्रिया पुरुषांवर झाल्या होत्या. त्या भीतीने पुरुष जे दूर झाले ते परतलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहितांनी स्त्रीनसबंदीचा आधार घेतलेला दिसतो आणि पुरुषनसबंदीचा फक्त ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही भार सगळा बाईवर. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तेरा जणी दगावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. लक्ष्याचा आकडा कागदावरून पुसला गेला तरी व्यवस्थेच्या अंगवळणी पडलेला असतो.

गावाची सत्ता आणि बाजाराचे दर

सरकारी सक्ती वाईट, पण गावाने एकमताने ठरवले तर? नगर जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी स्वीकारलेल्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला नसबंदीही होती. हिवरे बाजारने पुढे लग्नाआधी एचआयव्ही चाचणीचा नियम केला. पाण्याच्या आणि मातीच्या कामात या गावांनी जे केले त्याला तोड नाही. पण ओढ्यावरचा बंधारा हा साऱ्या गावाचा असतो, माणसाचे रक्त त्याचे एकट्याचे असते. ग्रामसभा मंत्रालयापेक्षा जवळची, म्हणून तिच्यापुढे नाही म्हणणे अधिक कठीण जाते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येणार नाही हे सांगितले, ते याच कारणाने. गावाने चाचणीची सोय करावी, महत्त्व सांगावे, निकाल गुप्त ठेवावा. चाचणी ज्याची त्याने ठरवावी.

दुसरा प्रश्न खर्चाचा. करोनाच्या साथीत, २१ मे २०२० रोजी, महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. दिवसाला साधी खाट ४ हजार, अतिदक्षता विभाग साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार रुपये. संकटात अडलेल्या माणसाची लूट थांबवणे हे सरकारचे काम होते आणि ते त्याने केले. मात्र करोना नसलेल्या रुग्णांसाठीही दर ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, असा निकाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला. साथीसाठी घेतलेले अधिकार साथीबाहेर पसरू नयेत, ही सीमा न्यायालयाने आखली. पण त्यामुळे एरवीच्या आजारपणात रुग्णाला बिलापासून वाचवायचे कसे, हा प्रश्न सुटला नाही. तो सोडवायला साथीचा हुकूम उपयोगाचा नाही. त्यासाठी विधिमंडळात चर्चा करून केलेला कायदा हवा, आणि दर परवडत नाहीत त्याच्यासाठी जवळच चालता-बोलता सरकारी दवाखाना हवा.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही, कारण शरीराची अखंडता हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात लसीकरण धोरण योग्य ठरवले गेले आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी, प्रमाणात निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला गेला. १९७६ साली नसलेली भिंत अशी वीट-वीट करून बांधली गेली आहे.

या सगळ्या इतिहासाचा निवाडा मी असा वाचतो. साथ पसरत असेल तर सरकारने गर्दी रोखावी, पाणी शुद्ध करावे, भाववाढ अडवावी. दवाखाना, औषधे, सेविका आणि त्यांचा खर्च यांत सरकारने कितीही पुढे यावे, तिथे त्याला मर्यादा घालायचे कारण नाही. पण देहावर काय करायचे याचा निर्णय ज्याचा देह त्याचा. दंड, तुरुंग, अडवलेला पगार आणि भुकेल्यापुढे ठेवलेली नोट, यांतले काहीही त्या निर्णयाच्या वाटेत येऊ नये.

आपल्या हातात असलेली गोष्टही थोडी नाही. पुढच्या ग्रामसभेत विचारा, उपकेंद्रात औषधे आहेत का, आशाताईंचे मानधन वेळेवर मिळते का, रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावले आहे का. आणि घरातल्या कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर संमतीपत्र मराठीत मागा, ते त्या व्यक्तीला वाचून दाखवा, तिचे प्रश्न संपेपर्यंत सही करू देऊ नका. ती नाही म्हणाली, तर तिचे नाही ऐका.